तासगावला दिलेलं चित्र

मनुबाईच्या तोंडात नावाजण्यासारखं तसं काही नव्हतं. रंग सावळा, गालफडं जरा वर आलेली, आणि डाव्या भुवईच्या टोकाशी एक बारीक वण, लहानपणी जात्याच्या कडेवर पडली होती तेव्हाचा. हळदीकुंकवाला बायकांच्या घोळक्यात बसली तर पाहणाऱ्याची नजर तिच्यावरून सरळ पुढे जावी, असं आपलं चारचौघींसारखं तोंड. पण नवऱ्याला ते फार आवडायचं, आणि आवडायचं म्हणजे किती, तर नाथाजी पेंटर हातातलं काम टाकून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "जरा हिकडं बघ गं." तिनं बघितलं की नुसता हसायचा. "कशापायी बोलावलंत?" "कशापायी न्हाई. बघायला." लग्नाला एवढी वर्षं होऊन गेली, मूलबाळ झालं नाही, तरी नवराबायकोचा हा खेळ काही सुटला नव्हता. साताऱ्यातल्या त्यांच्या आळीच्या शेजारणी तोंडाला पदर लावून हसत, आणि मनुबाई वरवर रागावत असे, पण आतून सुखावत असे, खोटं कशाला बोला?

नाथाजी मूळचा नाटक कंपनीत पडदे रंगवणारा. कंपनी बुडाली तसा तो दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. पण जीव सगळा तैलरंगात. सवड मिळाली की माहुलीच्या घाटावर नाहीतर किल्ल्याच्या पायथ्याला जाऊन बसायचा आणि चित्र काढायचा. ती चित्रं खपवायचं काम सांगलीच्या भाऊसोचं. भाऊसोचं गणपती पेठेत चौकटींचं दुकान होतं. माणूस बोलका, पानानं तोंड कायम लाल, आणि हळदीच्या व्यापाऱ्यांपासून मळेवाल्या बागायतदारांपर्यंत सगळ्यांच्या ओसरीवर हक्कानं जाऊन बसणारा. पण त्याची धंद्याची रीत जगावेगळी होती. गिऱ्हाइकाला दुकानात चित्र तो कधी द्यायचाच नाही. "हातचं चित्र इकायचं नसतंय, पेंटर," तो म्हणायचा, "ते द्यायचं असतंय. लेक देतो तसं, घर बघून." म्हणून चित्र पुरं झालं की नाथाजीनं आणि मनुबाईनं जोडीनं ते घेऊन त्या घरी जायचं, मनुबाईनं चौकटीला हळदकुंकू लावायचं, नारळ ठेवायचा, आणि जेवूनच निघायचं. मग सणावाराला येणंजाणं सुरू. हुरड्याला बोलावणं, गुळाची ढेप, लग्नाची अक्षत. भाऊसोनं अशी पुष्कळ घरं पेंटरला जोडून दिली होती, आणि त्यातलं सगळ्यात सख्खं घर तासगावच्या लालासाहेबांचं.

लालासाहेबांनी नवी द्राक्षबाग लावली होती, घरचा ऊस होता, आणि माणूस चित्रांचा वेडा. सोप्याच्या भिंती नाथाजीच्या चित्रांनी भरलेल्या. चीनच्या लढाईनंतरच्या साली त्यांची बायको रंगूबाई गेली. फोटो काढला की आयुष्य उणं होतं असं ती धरून बसलेली, त्यामुळं घरात तिचा एकही फोटो नव्हता. वर्ष उलटल्यावर लालासाहेबांनी भाऊसोकरवी निरोप धाडला, की नद्या-डोंगर पुरे झाले, आता पेंटरनं आमच्या रंगूला काढावं.

आता काढावं म्हणजे कसं काढावं? नाथाजीला रंगूबाईनं वाढलं होतं, पण पदर पुढं ओढून. त्याला तिचे वाढणारे हात तेवढे आठवत होते. मनुबाईनं मात्र तिच्या चुलीपुढं बसून गप्पा मारलेल्या. तिनं सांगितलं: गोरी होती, नाक सरळ, तोंड गोल. नाथाजीनं तसं काढलं. लालासाहेब बराच वेळ बघत बसले आणि मान हलवून म्हणाले, "न्हवं. ही न्हवं." रंगूबाईच्या भावाचं नाक बघून दुसरं काढलं, तेही परत आलं. तिसरं आलं. नाथाजी पार टेकीला आला, आणि भाऊसो डोक्याला हात लावून बसला, कारण चित्र परत येणं म्हणजे त्याच्या लेखी लेक माघारी येणं.

शेवटी तासगावहून रंगूबाईचं इरकली लुगडं आलं. निदान बैठक तरी खरी उतरेल, म्हणून नाथाजीनं मनुबाईला ते नेसवून खिडकीशी बसवलं. शेजारणी म्हणाल्या, नशीब लागतं बाई, कुंकवानिशी गेलेलीचं लुगडं अंगाला लागायला. मनुबाईही हौसेनं बसली. नाथाजी हात रंगवायचा, पदराचे काठ रंगवायचा, आणि मधूनच म्हणायचा, "जरा हिकडं बघ गं." तोंड तो नेहमी शेवटी करायचा आणि दिल्याशिवाय कुणाला दाखवायचा नाही, घरच्यांनासुद्धा. काम संपलं तसा त्यानं चित्रावर कापड टाकलं आणि आडवा झाला. मनुबाई म्हणाली, "आवं, जमलं का?" तर नुसतं "बघू" म्हणाला.

तासगावला सोप्यावर कापड काढलं, आणि मनुबाईच्या पायाखालची जमीन सरकली. चित्रात ती होती. ती स्वतः, मनुबाई. तीच वर आलेली गालफडं, तोच भुवईचा वण, आणि नवऱ्यानं हाक मारल्यावर ती ज्या नजरेनं वर बघायची ती नजर. मेल्या या माणसानं थकून भागून माझंच तोंड डकवलं की काय, आणि आता हे लोक काय म्हणतील, असं होऊन तिनं पदर चांगला कपाळावर ओढला आणि खांबाआड झाली.

लालासाहेब चित्रापुढं येऊन बसले. "हीच," ते म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस घोंगड्यात तोंड खुपसून रडायला लागला. त्यांची बहीण भामाबाई आतून धावत आली, तिनं चित्र बघितलं आणि हंबरडा फोडला. थोडं निवल्यावर तिनं डोळे पुसले, खांबाआडच्या मनुबाईला हाताला धरून चित्रापुढं आणलं, आणि तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. "बगा, बगा बाई, अगदी हुबेहूब. अशीच हुती आमची रंगू. आन् ह्यो वन! गाडीच्या दांडीला आपटली हुती, त्यो. पेंटर, ह्यो कुनी सांगितला तुमास्नी?"

नाथाजी गोंधळून म्हणाला, "कुनी न्हाई. आपसूक उतरला."

मनुबाई चित्राच्या पुढ्यात उभी होती, हनुवटी भामाबाईच्या हातात, ऊन सरळ तोंडावर. भामाबाई तिच्याकडं बघत होती, चित्राकडं बघत होती, आणि तिला काहीसुद्धा दिसत नव्हतं. मनुबाईनं मग चौकटीला हळदकुंकू लावलं आणि नारळ ठेवला, रिवाजाप्रमाणं.

परतताना एस्टीत तिला हसू यायला लागलं. भीती उतरली की येतं तसं. ती नवऱ्याला कोपरानं ढोसून हळूच म्हणाली, "भारी हाय की तुमी. माझंच तोंड खपवलंत व्हय त्या बिचाऱ्यांच्या गळ्यात?"

"तुझं?" नाथाजी म्हणाला. "तुझं कुटलं? बैठक तुझी, हात तुझं. तोंड मी मनानं केलं."

"चेष्टा पुरं."

"चेष्टा कशाची? तुझं तोंड हाय का तसं?" असं म्हणून त्यानं तिच्याकडं बघितलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, आणि मग खिडकीबाहेर बघायला लागला. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना नाथाजीचे कान लाल व्हायचे, आणि कान साधे होते.

भाद्रपदात पितृपंधरवडा आला. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं अविधवा नवमीला एका सवाष्णीला जेवू घालतात, गेलेलीच्या पानावर तिला बसवून. लालासाहेबांचं बोलावणं मनुबाईला आलं. भाऊसोला तर आभाळ ठेंगणं झालं. चित्रकाराची बायको घरच्या पानावर बसते, याच्याहून घरोबा तो काय व्हायचा? मनुबाईचं मन खात होतं, पण नाही कसं म्हणायचं? तिनं चित्राखाली पाट घेतला. भामाबाईनं तिला हिरव्या बांगड्या भरल्या, कुंकू लावलं, आणि त्याच बोटानं वर चौकटीला लावलं. "जेव गं रंगू, पोटभर जेव," ती म्हणाली. ते वर चित्राकडं बघून म्हणाली की पानाकडं, ते मनुबाईला कळलं नाही. ती खाली मान घालून जेवली, आणि सगळी जेवणं होईपर्यंत तिच्याकडं कुणी बघितलं नाही.

त्यानंतर हळूहळू सुरू झालं. आधी कोपऱ्यावरचा दुकानदार तिला म्हणाला, "नव्यानं आलाय का आळीत?" ती रागावली, तर तो ओशाळून हसला. मग माहेरी गेली तेव्हा भाऊ स्टँडवर न्यायला आला होता, तो तिच्या अंगावरून दोनदा पुढं गेला, आणि तिनं हाक मारली तेव्हा दचकून म्हणाला, "आक्का, तू व्हय! उन्हात दिसलं न्हाई." आईला तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "आये, जात्यावर पडले हुते तवा किती लागलं हुतं गं मला?" म्हातारी पीठ चाळता चाळता थांबली. "तू कवा पडलीस? तुला न्हाई बा कवा लागलं." मनुबाईनं रात्र कशीबशी काढली, सकाळी आरसा घेऊन दारात उजेडाला बसली आणि भुवईवरून बोट फिरवत राहिली. वण होता असं तिला वाटे, आणि मग वाटे की बोटाला सवय आहे म्हणून लागतोय. आईनं विचारलं, काय बघतीस, तर काय सांगणार?

हे सगळं तिनं सोसलं असतं. जगानं ओळख न ठेवली तर न ठेवो, जग काय आपल्याला भाकरी घालतं? पण एके दिवशी ती मंडईतून येत होती आणि समोरून नाथाजी येत होता, रंगाचा डबा हातात, पाट्यांवर नजर. त्यानं तिच्याकडं बघितलं. परक्या बाईकडं चुकून बघितल्यावर सभ्य माणूस नजर खाली करतो तशी त्यानं नजर खाली केली, आणि बाजूला होऊन तिला वाट दिली.

मनुबाई तिथंच भाजीची पिशवी पायाशी ठेवून उभी राहिली. त्याला हाक मारायचं धाडस तिला झालं नाही. हाक मारली आणि तरी ओळखलं नाही, तर?

घरी आल्यावर मात्र तिनं त्याला धरलं. "आवं, मला वाटंत बघितलंत न्हवं? मग बोलला का न्हाई?" नाथाजी पाटावर बसला. बराच वेळ तो तिच्या हातांकडं बघत होता, बांगड्यांकडं, बोटांकडं. आणि मग त्या माणसाला रडू फुटलं. "मनू, तुझं तोंड माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई गं. बघतो तवर असतंय, नजर हलवली की जातंय. कसं सांगू तुला? आवाजानं ओळखतो, हातानं ओळखतो. येड लागलं का मला?"

तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि दोघंही रडली. मग ती म्हणाली, "मला काढा. उजेडात बसते. सोताच्या हातानं काढलं म्हंजी बसंल ध्यानात." त्यानं काढायला घेतलं. पाट्यांची कामं सोडली आणि रोज सकाळी तिला खिडकीशी बसवून कॅनव्हासवर रंग चढवत राहिला. हात जमले, खांदे जमले, पदर जमला, आणि तोंडाशी आलं की पुसायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा पुसायचा. एवढा नावाजलेला हात, पण एका बाईच्या तोंडापुढं हरला. शेवटी त्यानं कुंचला धुऊन ठेवला. तेव्हापासून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहायचं त्यानं सोडलं. मनुबाईचे कान तिकडंच असायचे.

आणि तो तासगावला जाऊ लागला. निमित्त काहीतरी काढायचा, चित्राचा रंग उतरलाय बघून येतो, लालासाहेबांनी बोलावलंय. परत आला की शांत असायचा, दोन घास जास्त जेवायचा. एकदा भाऊसो साताऱ्याला आला तेव्हा कौतुकानं सांगू लागला, "वैनी, काय त्यो दोघांचा जिव्हाळा! लालासाहेब आन् पेंटर, दोघं त्या चित्राफुडं बसत्यात, न बोलता. मी एवढी चित्रं दिली, असा घरोबा न्हाई बघितला." बोलताना तो तिच्याऐवजी तिच्या मागच्या भिंतीकडं बघत होता, आणि चहाचा कप घेताना त्यानं विचारलं, "वैनी कुटं गेल्यात?"

मनुबाईनं ठरवलं. ज्या चित्रानं तोंड गेलं त्याच्यानंच येईल. दुसऱ्या दिवशी नाथाजी कामावर गेल्यावर ती एकटी एस्टीत बसली आणि दुपारच्या उन्हात लालासाहेबांच्या सोप्यावर जाऊन उभी राहिली.

"कोन?" लालासाहेब म्हणाले. तिनं सांगितलं. "हां, हां, पेंटरची मंडळी. बसा की." ते थकले होते, आवाज खोल गेला होता. मनुबाई बसली नाही.

"आण्णा, मागाय आलीया. ह्ये चित्र माझं हाय. तोंड माझं हाय. मला माघारी द्या, माझा संसार मोडाय लागलाय."

लालासाहेब रागावले नाहीत. त्यांनी तिला भिंतीशी, चित्राखाली उभं केलं, दार पुरतं उघडलं आणि बघत राहिले. मनुबाईनं डोळे मिटू दिले नाहीत. बाहेर बागेत कुणीतरी पाखरं हाकलत होतं.

"तुमचं असंल," शेवटी ते म्हणाले. "मला कळत न्हाई. खरं सांगू का बाई? रंगूचं तोंड मला आदीपासनंच आठवत नव्हतं. वरीस सरायच्या आत गेलं डोळ्यांफुडनं. एवढा संसार केला, आन् तोंड आठवत न्हाई, असं कुनाला सांगू? म्हनून चित्रं माघारी धाडत हुतो. ह्ये आलं, आन् ह्या बाईनं माझ्याकडं मायेनं बगितलं. म्हटलं, हीच. दमलो हुतो मी." त्यांनी स्वतःच उठून चित्र उतरवलं. "न्या. कुनाचं तरी भलं हूद्या."

भामाबाईनं चित्र घोंगड्यात गुंडाळलं, वरून पुन्हा कुंकू लावलं आणि रंगूबाईच्या नावानं रडत रडत दारापर्यंत आली. "पेंटरच्या घरी देनार न्हवं?" तिनं मनुबाईला बजावलं. "त्येंच्या मंडळीच्या हातात द्या. लय गुनाची बाई हाय ती, मला ठावं हाय."

मनुबाईनं चित्र साताऱ्याला आणलं. गाडीभर ते मांडीवर धरून बसली होती, तान्ह्या पोरासारखं. घरी येऊन तिनं ते माजघरात समोरच्या भिंतीला लावलं, तोंड धुतलं, कुंकू रेखलं, नवऱ्याला आवडायची म्हणून वांग्याची भाजी केली, भाकऱ्या थापल्या, आणि चित्राच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघी एका रेषेत. आता आला की बघेल, एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि सगळं जागच्या जागी येईल. नवी नवरी बघते तशी ती वाट बघत होती.

दिवेलागणीला नाथाजी आला. उंबऱ्यात पाय ठेवला आणि थबकला.

"मनू," तो म्हणाला.

किती दिवसांनी त्या आवाजात ती हाक आली होती. "ओ," मनुबाई म्हणाली.

नाथाजी पुढं झाला, आणि तिच्या शेजारून चित्रापाशी गेला. त्यानं भुवईवरच्या वणावरून बोट फिरवलं, गालावरून फिरवलं, चौकटीवरचं कुंकू बघितलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. "मनूच. माझी मनू. कशी इसरलो हुतो मी?" तो रडत होता, पण कितीतरी महिन्यांनी माणसात आल्यासारखा, निवांत, पोटभर रडत होता. मनुबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो अदबीनं बाजूला सरकला, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि तिला दोन्ही हात जोडले.

"लय उपकार झालं, बाई, ही आनून दिलीत," तो म्हणाला. "शेवटाला तुमीच हुता न्हवं तिच्याजवळ? माझ्यासाठी काय म्हनली का?"

चुलीवर भाजी शिजत आली होती. मनुबाईनं एकदा चित्राकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं.

"म्हनली," ती म्हणाली. "जेवून घ्या म्हनली."